मागील बाकी

घासाघीस कुठं करू नये याची आमच्या बाबांची एक यादी होती. औषधाचं दुकान, शाळेच्या पुस्तकांचं दुकान आणि मयताच्या सामानाचं दुकान. या तीन ठिकाणी सांगतील तेवढे पैसे निमूटपणे द्यावेत. चौथ्या ठिकाणी, म्हणजे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मात्र, सांगितलेल्या रकमेला आधी मनात दोनानं भागावं आणि मगच तोंड उघडावं, असा त्यांचा दंडक होता. कारण विचारलं तर म्हणायचे, "औषधाच्या बाटलीवर किंमत छापलेली असते. रेडिओवाला किंमत आपल्या तोंडाकडे पाहून ठरवतो." बाबा अकोल्याच्या पोस्टात कारकून होते. तोंडाकडे पाहून काहीही ठरवणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांच्या खात्यात पाकीट आधी तराजूत पडायचं आणि मग तिकिटाची गोष्ट निघायची.

मी बी. कॉम. झालो, बँकेत लागलो, अमरावतीला बदली होऊन तिथंच चिकटलो. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, कारण माझ्या वयाच्या माणसांच्या वस्तू बिघडल्या की दुरुस्त होत नाहीत, बदलतात. बाबा 2019 साली गेले. आई माझ्याकडे अमरावतीला आली. येताना तिनं दोन ट्रंका, एक पितळी डबा आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला एक रेडिओ आणला. रेडिओ माळ्यावर गेला. पाच वर्षं त्याची कुणाला आठवण झाली नाही.

ती झाली 20 फेब्रुवारी 2024 ला. त्या दिवशी अमीन सयानी गेले. वय 91. संध्याकाळी टीव्हीवर बातमी लागली, आईनं पदर डोळ्याला लावला, आणि मी पाणी आणायला उठणार तोच म्हणाली, "तो रेडिओ काढ."

"आता?"

"बुधवारी रात्री आठला तुझे बाबा जेवणाचं ताट उचलून रेडिओपाशी नेऊन बसायचे. एरवी ताट हलवलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस. काढ."

हा इतिहास मला अर्धाच माहीत होता. पुढचा मी नंतर जमवला, आणि जमवला म्हणून सांगतो. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. गृहस्थ पुण्याचे, अभ्यासू, शास्त्रीय संगीताचे कैवारी. सिनेमाच्या गाण्यांनी देशाचे कान बिघडतात असं त्यांचं ठाम मत, त्यामुळे आकाशवाणीवरून ती गाणी हद्दपार झाली. देशाचे कान मात्र बिघडलेलेच राहिले. ते उठून सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि एका टूथपेस्टच्या कंपनीनं ते काम केलं जे सरकारला पाच वर्षं सुचलं नाही. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती निघाली तेव्हा सरकारला ते सुचलं. पण तोवर सिलोनची गोडी लागलेली होती. सिलोन लघुलहरींवर लागायचं, आणि त्यासाठी चांगला, दणकट, दोनतीन पट्ट्यांचा सेट घरात असणं भाग होतं. म्हणजे केसकरांनी संगीताची किती सेवा केली हे जाणकार सांगोत, रेडिओ विकणाऱ्यांची त्यांनी केलेली सेवा मात्र वादातीत आहे.

आमचा सेट 1966 चा. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला बाबांनी 385 रुपयांना घेतला. पावती अजून आहे. बाबांच्या घरात पावती हरवत नसे, एखादे वेळी वस्तू हरवे. त्या काळी मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको ही नावं घरातल्या जावयांसारखी आदरानं घेतली जात. आमचा त्यांच्यापैकी कुठल्या घराण्यातला ते मी सांगत नाही. पुढं जे घडलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही आणि उगाच कुणाचं नाव यायला नको. पाच व्हॉल्व्हचा, तीन पट्ट्यांचा, सागवानी रंगाच्या पेटीचा, आणि दर्शनी भागावर एक हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं की तो डोळा मिटत यायचा आणि निसटलं की उघडायचा. लहानपणी मला वाटे की गाणं आवडलं म्हणून रेडिओ डोळे मिटतो.

रेडिओ विकत घेऊन भागत नसे. तो बाळगायला परवाना लागे. 1933 चा बिनतारी तारायंत्र कायदा होता. त्यानुसार रेडिओ ही बंदुकीसारखीच परवान्याची वस्तू. परवाना पोस्टात मिळायचा आणि घरगुती सेटला वर्षाकाठी 15 रुपये पडायचे. आता आमच्या बाबांची गंमत पाहा. अकोल्याच्या पोस्टात परवान्याच्या खिडकीवर काही वर्षं तेच होते. स्वतःच्या परवान्याचे पैसे ते रांगेत उभे राहून दुसऱ्या कारकुनाकडे भरत. "स्वतःच्या हातानं स्वतःला पावती द्यायची नसते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मी पुढं बँकेत लागल्यावर आमच्या ऑडिटरनं हेच वाक्य मला इंग्रजीतून ऐकवलं आणि त्यासाठी बँकेनं त्याला भत्ता दिला.

गावात कुणाच्या घरी रेडिओ आहे आणि कुणाच्या घरी नुसती गच्चीवर एरियलची तार आहे, हे बाबांना तोंडपाठ होतं. परवाना न काढणाऱ्यांच्या घरी निरीक्षक येण्याची भीती असे. आमच्या गल्लीत एक वकील होते. त्यांनी तीच तार कपडे वाळत घालायची म्हणून दाखवली आणि निरीक्षकासमोर तिच्यावर एक धोतर टाकलं. बाबा ही गोष्ट सांगताना हसत नसत. 15 रुपयांच्या नुकसानीवर हसायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. 1985 साली सरकारनं परवाना रद्द केला तेव्हा सगळ्या देशाला आनंद झाला, बाबांना झाला नाही. त्यांनी 1966 ते 1984 अशी एकोणीस वर्षं एकूण 285 रुपये भरले होते आणि धोतरवाल्या वकिलांनी एक छदामही न भरता तीच गाणी ऐकली होती. सरकारनं दोघांना एकाच तागडीत तोललं, हे त्यांना लागलं.

असा हा रेडिओ. फेब्रुवारीतल्या त्या रात्री मी तो माळ्यावरून काढला, धूळ झटकली आणि प्लग लावला. रेडिओ लागला नाही. जळक्या रबराचा वास मात्र लागला. मी प्लग काढला. आई म्हणाली, "दुरुस्तीला टाक. आणि हे बघ, भाव करून टाक."

इथून माझ्या शोधयात्रेला सुरुवात झाली.

पहिलं दुकान अमरावतीत, आमच्या घराजवळचंच. पोरगा हुशार. मोबाईलचं पोट उघडून त्यातला आजार दोन मिनिटांत सांगणारा. त्यानं आमच्या सेटकडे असं पाहिलं, जसं शाळेच्या सहलीतली पोरं संग्रहालयातल्या तोफेकडे पाहतात. मागचं झाकण न उघडता जाळीतून बॅटरी मारली आणि म्हणाला, "काका, याचे व्हॉल्व्ह भेटत नाई. चेकिंगचे तीनशे होतीन."

"कशाचे?"

"चेकिंगचे."

"पण तू चेक काय केलंस?"

"व्हॉल्व्ह भेटत नाई हे."

मी तीनशे रुपये दिले नाहीत. शंभर दिले. अशा रीतीनं बाबांचा दंडक मोडून मी रकमेला तिनानं भागलं. बाहेर आल्यावर मात्र विचार केला. आमच्या बँकेत कर्जाचा अर्ज नामंजूर झाला तरी छाननीचे पैसे आम्ही परत करत नाही. त्या पोरानं निदान बॅटरी तरी मारली होती.

दुसरं दुकान राजकमल चौकाच्या पलीकडे. मालकानं सेट पाहताच हात चोळले. म्हणाला, "साहेब, पीस झकास आहे. आतलं सगळं काढून टाकू, ब्लूटूथ बसवू, मागं दोन स्पीकर, समोर एलईडी. हिरवा डोळासुद्धा पेटेल. पंधराशेत." आमच्या चिरंजीवांना ही कल्पना फार आवडली. सौ.नासुद्धा पटली, कारण दिवाणखान्यात शोभा आणि कानाला सोय. आईनं फक्त एवढंच विचारलं, "बाबांचं आतलं सगळं काढून फोटो नुसता भिंतीवर लावलाय. रेडिओचंही तेच करायचं का?" विषय संपला.

मग तिलाच आठवलं. "अकोल्याचा तो मिस्त्री असेल अजून. बाबा त्याच्याकडंच जायचे. पुढं काय बिनसलं कुणास ठाऊक, जाणं बंद केलं. सेट त्यानंतरही आठेक वर्षं चालला. मग बंद पडला तेव्हा मी म्हटलं, न्या मिस्त्रीकडे, तर म्हणाले, आता कोण ऐकतं."

मार्चमधल्या एका रविवारी रेडिओ मांडीवर घेऊन मी एसटीनं अकोल्याला निघालो. या रस्त्याचं सध्या मोठं नाव आहे. 2022 च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला दरम्यान 75 किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड टाकला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारचा. आम्हां वऱ्हाडी लोकांना कशाचीही घाई नसते असा जो समज आहे, तो या रस्त्यानं एका आठवड्याच्या आत पुसून टाकला. मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत गाडी सरसर निघाली आणि माझ्या मनात आलं, साडेचार दिवसांत एवढा रस्ता होतो तर रेडिओला कितीसा वेळ लागणार?

रेडिओला आठ महिने लागले.

मिस्त्रींचं दुकान टिळक रोडच्या मागं एका बोळात आहे. दुकान म्हणजे सहा फूट बाय आठ फूट, त्यातले पाच फूट मेलेल्या रेडिओंनी व्यापलेले. एका स्टुलावर पंचाहत्तरी ओलांडलेले मिस्त्री, डोळ्याला घड्याळजीचं भिंग, हातात सोल्डरिंगची काडी. मी सेट ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सेटकडे पाहिलं.

"हा पोस्टबाबूचा."

मी म्हटलं, "त्यांचा मुलगा."

"बसा."

मी बँकेतला माणूस. बसायच्या आधी अंदाजपत्रक मागितलं. मिस्त्री म्हणाले, "उघडल्याबिगर सांगत नाई." मी म्हटलं, उघडून सांगा. ते म्हणाले, "उघडला म्हंजे काम चालू झालं. डाक्टर पोट फाडून विचारते का, शिवू का राहू देऊ?" या युक्तिवादाला आमच्या कर्ज विभागात उत्तर नाही. मी सेट ठेवून आलो. पावतीवर त्यांनी एवढंच लिहिलं होतं: "रेडिओ एक. बंद."

त्या आठ महिन्यांत मी तीनदा गेलो आणि त्यांच्याकडून व्हॉल्व्हच्या रेडिओचं शिक्षण घेतलं, ते असं. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची हवा काढलेली नळी. आत एक तंतू तापतो, तो तापला की त्याच्याभोवतीच्या पत्र्यावरून विजेचे कण निघतात, आणि त्यांचा ओघ मधल्या जाळीनं कमीजास्त केला की लहानसा आवाज मोठा होतो. तंतू तापायला वेळ लागतो, म्हणून जुना रेडिओ लावल्याबरोबर बोलत नाही. अमेरिकेत 1947 साली ट्रान्झिस्टर निघाला. त्याला तापावं लागत नाही, म्हणून तो लगेच बोलतो, आणि जगानं साहजिकच लगेच बोलणाऱ्याला जवळ केलं. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स साठच्या दशकापासून आपल्याकडे व्हॉल्व्ह बनवायची. पुढं मागणी संपली, बनवणं संपलं. आता जे मिळतात ते मेलेल्या सेटमधून काढलेले, नाहीतर कुणाच्या कपाटात खोक्यासकट राहिलेले. "एक सेट जगवायचा तर तीन मारा लागते," मिस्त्री म्हणाले, आणि पाच फूट मढ्यांचा मला उलगडा झाला.

पण त्यांच्या मते खरा रोग व्हॉल्व्हचा नसतोच. रोग कंडेन्सरचा. जुने कंडेन्सर मेण लावलेल्या कागदाचे. वर्षं गेली की कागद दमट होतो आणि जी वीज अडवायची ती थोडी थोडी गळू देतो. ही गळती शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या जाळीवर गेली की तो व्हॉल्व्ह नको इतका तापतो, आवाज फाटतो आणि एक दिवस व्हॉल्व्ह मरतो. लोक म्हणतात व्हॉल्व्ह गेला, नवा घाला. नवा घातला की तोही सहा महिन्यांत त्याच वाटेनं जातो. "मानूस मेला म्हून रडतेत," मिस्त्री म्हणाले, "पन घरात साप कुठं हाय ते कोनी पाहात नाई."

नोव्हेंबरात निरोप आला, सेट तयार. मी गेलो. मिस्त्रींनी बिल पुढं केलं. सामान 460, मजुरी 2,500, एकूण 2,960.

आता तुम्ही मला कंजूष म्हणाल. म्हणा. पण वाणिज्य शाखेचा पदवीधर एखाद्या वस्तूकडे पाहतो तेव्हा त्याला आधी तिचा घसारा दिसतो. मी तो एसटीत बसूनच काढला होता. 385 रुपयांचा सेट, सालाना 15 टक्के घसारा, उतरत्या किमतीवर, अठ्ठावन्न वर्षं. शिल्लक पुस्तकी किंमत तीन पैसे. 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली आहेत, म्हणजे ही मालमत्ता मी कुणाला तिच्या हिशेबी किमतीत विकायचं म्हटलं तरी देवाणघेवाण करता येणार नाही. आणि या तीन पैशांवर खर्च 2,960! त्यातही सामान 460 चं आणि मजुरी अडीच हजार. बाबांचा दंडक आठवला. मी मनात दोनानं भागलं आणि तोंड उघडलं.

"चौदाशे ऐंशी देतो."

मिस्त्रींनी भिंग काढलं. "काहून?"

"सामान चारशे साठचं आहे. त्यावर एवढी मजुरी असते होय?"

"साहेब, तुमी बँकेत दिवसाची शाई किती खर्च करता?"

"शाई? आता सगळं कॉम्प्युटरवर आहे."

"म्हंजे शाई बी नाई. मंग पगार कायचा घेता?"

मी गप्प. दुकानात बसलेला एक म्हातारा खुदकन हसला. ती दुकानातली कायमची जागा असावी, प्रत्येक दुकानात असते. मी हट्टाला पेटलो. म्हटलं, "बरं, पण मी तुम्हाला सेट चालू करायला सांगितला होता. तुम्ही यात सहा कंडेन्सर बदलले, दोन फिल्टरचे वेगळे, डायलचा दोरा बदलला, पट्ट्यांचा स्विच साफ केला. हे मी सांगितलं होतं का? न सांगितलेल्या कामाचे पैसे मी का द्यावेत?"

मिस्त्री माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. मग कधी नव्हे ते हसले. त्यांनी सेट फिरवला, मागचं झाकण सोडवलं आणि उलटं करून माझ्या हातात दिलं. "वाचा."

हे झाकण मी आयुष्यात कधी आतून पाहिलं नव्हतं. आत अडीचशे व्होल्ट असतात म्हणून बाबा आम्हांला त्या बाजूला फिरकू देत नसत. स्वतःही उघडत नसत. झाकणाच्या आतल्या अंगाला एक पिवळा पडलेला कागद खळीनं चिकटवलेला होता आणि त्यावर टाकानं, नंतर बॉलपेननं, ओळी लिहिल्या होत्या. 1969, डायलचा दोरा, 3 रुपये. 1973, व्हॉल्व्ह, 14. 1977, कंडेन्सर, 12. 1982, स्विच साफ, 15. 1986, व्हॉल्व्ह, 35. कुणा संशोधकाला वऱ्हाडातल्या महागाईचा इतिहास लिहायचा असेल तर त्यानं ग्रंथालयात न जाता जुन्या रेडिओंची झाकणं उघडावीत. शेवटची ओळ 1991 ची होती. "व्हॉल्व्ह व कंडेन्सर मजुरीसह, 40. जमा 18. बाकी 22."

"बाकी?" मी म्हटलं. आमच्या बाबांच्या नावापुढं हा शब्द मी प्रथमच पाहत होतो.

मिस्त्री सांगू लागले. 1991 साली बाबा आले. म्हणाले, व्हॉल्व्ह गेलाय, नवा घाला. मिस्त्रींनी उघडून पाहिलं तर कंडेन्सर गळत होता. त्यांनी दोन्ही बदलले. बाबांनी व्हॉल्व्हचे 18 रुपये मोजून ठेवले आणि म्हणाले, मी व्हॉल्व्ह सांगितला होता. जे पार्सल मी बुक केलं नाही त्याचा हशील मी भरणार नाही. "आता तुमी जे बोलले," मिस्त्री म्हणाले, "अक्षर न अक्षर तेच. आवाज बी तोच. मी म्हनलं, पोस्टबाबू, कंडेन्सर नाई बदलला असता तर तुमचा व्हॉल्व्ह सा महिन्यात गेला असता. ते म्हनले, गेला असता तर मी पुन्हा आलो असतो. मी म्हनलं, म्हूनच बदलला."

"मग?"

"मंग काई नाई. ते सेट घेऊन गेले. नियमानं त्याईचं बरोबर होतं. इचाराले पायजे होतं मी. सेटच्या हिशोबानं माह्यं बरोबर होतं."

"पण बाकी तुम्ही तुमच्या वहीत का नाही लिहिली? सेट तर आमच्या घरी होता." बाकीदाराच्याच घरी त्याचं खातं ठेवणारा सावकार मी नोकरीच्या पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता.

"वहीत लिवलं असतं तर मले रोज दिसलं असतं," मिस्त्री म्हणाले. "सेटमंदी लिवलं. म्हनलं, सेट वापस आला तर पैसे येतीन. नाई आला तर समजीन का सेट चालू हाय."

सेट आठेक वर्षं चालू राहिला होता, हे आईनं मला सांगितलंच होतं. त्यानंतर तो बंद पडला, आणि बाबा म्हणाले होते, आता कोण ऐकतं. अकोल्यात रेडिओ ऐकणारे कमी झाले होते हे खरं. रंगीत टीव्ही 1982 च्या एशियाडबरोबरच आला होता, नंतर केबल आली. पण सेटबरोबर त्या बोळात पुन्हा पाऊल टाकायचं म्हणजे काय, हे बाबांना माहीत होतं, आणि ते मला त्या पाच फूट मढ्यांच्या शेजारी उभं राहून नोव्हेंबरात समजलं. वर्षाला 15 रुपये रांगेत उभं राहून भरणारा माणूस. बावीस रुपये बुडवणं त्याला शक्य नव्हतं आणि देणंही शक्य नव्हतं. मग त्यानं रेडिओ ऐकणंच सोडलं.

मी खिशातून कॅल्क्युलेटर, म्हणजे मोबाईल, काढला. 22 रुपये, सहा टक्के, चक्रवाढ, तेहतीस वर्षं. दीडशे रुपये पन्नास पैसे झाले. मी दोनशेची नोट पुढं केली. मिस्त्रींनी हात मागं घेतला.

"व्याज तुमच्या बँकेतच राहू द्या. तिकडं माह्या खात्यातून दर तीन महिन्याले एसएमएसचे पैसे कापतेत. मोबाईल तर माह्यापाशी नाईच."

आमचीच बँक का, हे मी विचारलं नाही. काही चौकशा माणसानं टाळाव्यात.

शेवटी वीसची नोट आणि दोनचं नाणं त्यांनी घेतलं. कानावरचं बॉलपेन काढून झाकणावर लिहिलं: "2024. मागील बाकी 22 जमा." त्याखाली नवी ओळ: "कंडेन्सर 6 व फिल्टर 2, व्हॉल्व्ह 1, दोरा, स्विच. 2,960." आणि पेन हवेत धरून माझ्याकडे पाहिलं. मी 2,960 मोजले. त्यांनी लिहिलं, "जमा पूर्ण." दुकानातला तो म्हातारा पुन्हा हसला, पण या खेपेला बरा हसला.

निघताना मिस्त्री म्हणाले, "एक गोष्ट सांगून ठेवतो. सेट चालते. पन ऐकान काय?"

प्रश्न रास्त होता. गेल्या काही वर्षांत देशभरातली मध्यम लहरींची पुष्कळ केंद्रं बंद झाली. कारभार एफ.एम.वर गेला आणि आमच्या सेटला एफ.एम. माहीत नाही. तो त्याच्या आधीच्या जगातला. "रातच्याला लावा," मिस्त्री म्हणाले. "रातच्याला दुरून येते."

त्या रात्री जेवणं झाल्यावर रेडिओ लावला. काहीच झालं नाही. चिरंजीव लगेच म्हणाले, "बंदच आहे." आई म्हणाली, "थांब, तापू दे." हे वाक्य बाबांचं. अर्ध्याएक मिनिटानं पेटीतून मंद घरघर आली, डोळा हिरवा झाला, आणि आई स्वतः उठून बटण फिरवायला लागली. शिट्ट्या, खरखर, कुठली तरी परकी भाषा, पुन्हा खरखर. मग एका ठिकाणी एक बाई गात होती. कोण, कुठून, कळत नव्हतं. आवाज समुद्रातून वर आल्यासारखा यायचा आणि पुन्हा बुडायचा. आईनं बटण केसाएवढं फिरवलं. डोळा मिटत आला.

चिरंजीवांनीही मोबाईल खाली ठेवला. किती वेळ, ते सांगत नाही, उगाच भाबडेपणा वाटायचा. पण ठेवला.

गाणं संपल्यावर आईनं विचारलं, "किती घेतले रे मिस्त्रीनं?"

मी मनात दोनानं भागलं. "चौदाशे ऐंशी."

आईनं मान हलवली. "फसलास. तुझे बाबा असते तर हजाराच्या आत आणला असता."

मी काही बोललो नाही. झाकण घट्ट बसलंय का, तेवढं एकदा मागं हात घालून पाहून घेतलं.